धक्क्यावरच्या नोंदीपासून युज केसपर्यंत

मुलाखती झाल्या, रेकॉर्डिंग झालं, फोटो काढले, वही भरली. पुढे बहुतेक नवखे चाळीस स्लाइडचं प्रेझेंटेशन करतात. सगळे माना डोलावतात आणि शेवटी डेव्हलपर विचारतो, "बरं, मग मी नेमकं बनवू काय?" या प्रश्नाला उत्तर देणारा कागद म्हणजे रिक्वायरमेंटची यादी (सेवेने नेमकं काय करायला हवं ती वाक्यं) आणि तिच्या जोडीचे युज केस (एक माणूस एक काम सेवेच्या मदतीने पावलागणिक कसं पूर्ण करतो त्याचं वर्णन). तो कागद युजर रिसर्चमधून कसा काढायचा, एवढंच इथे सांगायचं आहे.

उदाहरण दिवाडी बेटाचं घेऊ. गोव्यात मांडवी नदीतल्या या बेटाला रस्त्याचा पूल नाही. जुने गोवे, रायबंदर आणि नार्वे अशा तीन बाजूंनी फेरीबोट लागते. नोकरी, कॉलेज, डॉक्टर, बाजार, सगळ्याला फेरी. समजा, फेरीची खबर देणारी एक साधी सेवा बनवायची आहे. बेट आणि धक्के खरे. प्रकल्प, त्यातली माणसं, त्यांची वाक्यं आणि प्रकल्पाचे आकडे समजावण्यापुरते रचलेले.

१. नोंदी सुट्या करा

मुलाखतीनंतर २४ तासांच्या आत बसा. पुढे वहीतली अक्षरं वाचता येतात, पण ती का लिहिली होती ते आठवत नाही. एका नोंदीत एकच गोष्ट ठेवा. "पावसात फेरी उशिरा येते आणि मुलाची शाळेची बस चुकते" या दोन नोंदी झाल्या. तासाभराच्या मुलाखतीतून साधारण ३० ते ५० सुट्या नोंदी निघतात. दहाच निघाल्या तर तुम्ही सारांश लिहून मोकळे झाला आहात, नोंदी बाकीच आहेत.

प्रत्येक नोंदीला क्रमांक द्या. मु४-१७ म्हणजे चौथ्या मुलाखतीतली सतरावी नोंद, नि२-०५ म्हणजे दुसऱ्या निरीक्षणातली पाचवी. आज हा क्रमांक कारकुनी वाटेल, पण दोन महिन्यांनी "हे कोण म्हणालं होतं?" असा वाद निघाला की तोच कामाला येतो. माणसाचं नाव आणि फोन नंबर मात्र नोंदींच्या शीटमध्ये नको. त्यांची यादी वेगळ्या, पासवर्ड लावलेल्या फाइलमध्ये. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ सालचा, पण इथे कायद्याआधीचं साधं कारण आहे: "मळारचा, पणजीत बँकेत कामाला, लाल स्कूटर" एवढ्यावर दिवाडीत कोणीही माणूस ओळखेल. अशा खुणाही पुसा.

शीटला तीन रकाने पाडा: काय पाहिलं किंवा ऐकलं, त्याचा अर्थ काय असावा, आणि डोक्यात काय उपाय आला. उपाय येणारच, त्याला बंदी नाही. फक्त तो तिसऱ्या रकान्यात राहू द्या. "लोकांना नोटिफिकेशन हवं" हे वाक्य पहिल्या रकान्यात शिरलं की पुढचं सगळं गणित चुकतं, कारण ते कोणी पाहिलेलं नसतं, तुम्हाला सुचलेलं असतं.

गोव्यात आणखी एक अडचण रोजची. मुलाखत कोकणीत, नोंद मराठीत आणि रिक्वायरमेंट इंग्रजीत. म्हणजे दोन भाषांतरं, आणि दोन्ही ठिकाणी काहीतरी सांडतं. कोणी म्हणालं, "हांव पयलीं पळयतां, मागीर गाडी काडटां." नोंद झाली: "आधी फेरी तपासतो, मग निघतो." तपासतो कुठे, फोनवर? तो तर गॅलरीत जाऊन नदीकडे बघतो! "पळयतां"चं "तपासतो" झालं तेव्हाच गॅलरी गळाली, आणि गॅलरी गळाली म्हणजे सगळ्यात मोठी खबर गळाली: या माणसाकडे फेरी बघण्याची पद्धत आधीपासून आहे, तीही फुकट आणि बिनचूक. म्हणून मूळ वाक्य बोललं तसं लिहा आणि त्याखाली त्या वेळी माणूस प्रत्यक्ष काय करतो ते. "मागीर", "आतां", "रातचें" असे वेळेचे शब्द आले की तिथल्या तिथे घड्याळातली वेळ विचारून घ्या. "आतां सुटतली" मध्ये दोन मिनिटंही बसतात आणि वीसही.

२. भिंतीवर मांडा

जपानी मानववंशशास्त्रज्ञ जिरो कावाकिता यांनी प्रत्यक्ष पाहणीतल्या नोंदी जुळवायला चिठ्ठ्यांची एक पद्धत बसवली. जपानीत आडनाव आधी येतं, म्हणून तिचं नाव केजे. आज डिझायनर जिला अफिनिटी मॅपिंग म्हणतात ती तिथूनच आली. एका चिठ्ठीवर एक नोंद, सगळ्या चिठ्ठ्या भिंतीवर, आणि जवळच्या वाटतील त्या एकमेकींजवळ सरकवायच्या. चारेकशे चिठ्ठ्या आणि तीन माणसं असतील तर अख्खा दिवस धरा. पहिला अर्धा तास कोणी बोलायचं नाही. बोललात की ज्याचा आवाज मोठा त्याचे गट होतात.

(पावसाळ्यात दमट भिंतीवर पिवळ्या चिठ्ठ्या टिकत नाहीत, आणि पंखा लावला की सकाळी जमिनीवर सडा असतो. मास्किंग टेप आणून ठेवा, रोज फोटो काढा.)

गट आधी ठरवून त्यात चिठ्ठ्या कोंबू नका. "वेळापत्रक", "पैसे", "सुरक्षा" अशी खणं आधी आखली तर भिंत तुम्हाला तेच सांगेल जे तुम्ही घरून आणलं होतं. आधी चिठ्ठ्या सरकवा, नाव शेवटी द्या, आणि नाव त्या माणसाच्या तोंडचं वाक्य असू द्या. "वेळापत्रक" हे नाव काहीच सांगत नाही. "फेरी डोळ्यांनी दिसेपर्यंत मी घर सोडत नाही" हे नाव वाचल्याबरोबर काम सुचतं. एका गटात आठ-दहापेक्षा जास्त चिठ्ठ्या झाल्या तर बहुधा दोन गट एकमेकांत अडकलेत.

शेवटी दहा-पंधरा चिठ्ठ्या कुठेच बसत नाहीत. त्या "इतर" नावाच्या गटात टाकायची घाई करू नका. "रात्री आईला छातीत दुखायला लागलं, पलीकडे जायचं कसं ते कळेना" ही चिठ्ठी एकटीच असेल. तिला जोडीदार नाही म्हणून ती हलकी ठरत नाही.

३. मागणी वेगळी, गरज वेगळी

सगळ्यात जास्त चुका होतात त्या इथे, म्हणून इथे वेळ घाला.

लोक उपाय मागतात: "गुगल मॅपवर फेरी हलताना दिसली पाहिजे." ही मागणी झाली. मागणी उचलून थेट रिक्वायरमेंट केली की जीपीएस यंत्र, त्याची वीज, सिमकार्ड, देखभाल असा सगळा डोलारा उभा राहतो आणि मूळ प्रश्न तसाच राहतो. मागणीला विचारा: हे दिसलं तर तू काय वेगळं करशील? उत्तर येतं: "अजून चहा घेईन." दुसरा म्हणतो: "जुने गोव्याला जाण्याऐवजी रायबंदराकडे वळेन." तिसरी म्हणते: "ऑफिसला उशीर होईल म्हणून आधीच कळवीन." म्हणजे त्यांना नकाशा बघायचा नाहीच. त्यांना एक निर्णय घ्यायचा आहे, तोही घरात बसून, गाडी चालू करण्याआधी.

गरज एका ठरलेल्या साच्यात लिहा: कोणाला, कुठल्या परिस्थितीत, काय ठरवायचं किंवा करायचं असतं, आणि ते न जमल्यास काय बिघडतं.

"रोज दुचाकीवरून पलीकडे कामाला जाणाऱ्याला, सकाळी घर सोडण्याआधी, आत्ता निघायचं की थांबायचं आणि कुठल्या धक्क्यावर जायचं ते ठरवायचं असतं, चुकलं तर धक्क्यावर उन्हापावसात ताटकळतो आणि कामावर उशिरा पोचतो. (मु१-०८, मु४-१७, मु९-०३, नि२-११)"

या वाक्यात अ‍ॅप नाही, मेसेज नाही, नकाशा नाही. तपासायला एक सोपी युक्ती: मनातल्या मनात मोबाइल काढून धक्क्यावर खडूचा फळा ठेवा. वाक्य तरीही खरं राहिलं तर ती गरज. फळ्याबरोबर वाक्य कोसळलं तर त्यात उपाय लपलाय.

प्रत्येक गरजेला किमान दोन प्रकारचा पुरावा हवा: कोणी सांगितलेलं आणि कुठे तरी दिसलेलं. लोक खोटं बोलत नाहीत, पण स्वतःबद्दल नीटनेटकं बोलतात. "मी नेहमी दहा मिनिटं आधी पोचतो" म्हणणारा धक्क्यावर रॅम्प उचलताना धावत येताना दिसला, तर दोन्ही नोंदी ठेवा. त्या दोहोंतलं अंतर हाच तुमचा शोध.

आणि टक्केवारी लिहू नका. १२ जणांपैकी ९ जण काही म्हणाले तर "१२ पैकी ९" असंच लिहा. "७५ टक्के प्रवाशांना वाटतं" असं लिहिलं की अख्ख्या बेटाची जनगणना केल्याचा भास होतो, आणि तो आकडा पुढच्या प्रत्येक मीटिंगमध्ये पुराव्यासारखा फिरत राहतो. बारा मुलाखती कारणं सांगतात. प्रमाण हवं असेल तर वेगळा सर्व्हे करा.

४. कोणासाठी

पर्सोना, म्हणजे एकसारखं वागणाऱ्या लोकांसाठी एक नमुना पात्र, करा, पण फोटो, छंद आणि आवडता रंग गाळा. वागणुकीत खरोखर फरक असेल तिथेच वेगळं पात्र करा. आपल्या उदाहरणात चार पुरेत: रोजचा दुचाकीवाला, माल घेऊन जाणारा चारचाकीवाला, वर्षातून एकदा येणारा पाहुणा, आणि फेरीवरचा खलाशी.

चौथा सगळे विसरतात. प्रवाशाला खबर हवी तर ती कोणीतरी द्यायला हवी. खलाशाच्या हातात दोर असतो, तो रॅम्प सांभाळतो, गाड्या लावतो. प्रत्येक खेपेला त्याने फोन काढून काही टाइप करावं अशी अपेक्षा ठेवलीत तर सेवा आठवडाभरही टिकणार नाही. प्रवाशांच्या बाजूने कितीही रिसर्च केला तरी ही अडचण दिसत नाही. धक्क्यावर उभं राहून दुसऱ्या बाजूला बघितलं की पाच मिनिटांत दिसते.

५. रिक्वायरमेंट लिहिणं

"अ‍ॅप युजर-फ्रेंडली असावं." "माहिती लवकर मिळावी." ही वाक्यं कागदावर येऊ देऊ नका. ती खोटी नाहीत, पण पूर्ण झाली की नाही हे कोणालाही सांगता येत नाही. चांगल्या रिक्वायरमेंटला तीन हाडं असतात: केव्हा, सेवेने काय करायचं, आणि ते झालं हे कसं कळणार. अ‍ॅलिस्टर मेव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रोल्स-रॉइसमध्ये विमानाच्या इंजिनांच्या कामासाठी "अमुक घडलं की यंत्रणेने तमुक करावं" असा साधा साचा बसवला आणि २००९ साली मांडला. मराठीत तो अगदी सहज बसतो, कारण "की" आणि "तर" आपल्याकडे आधीच आहेत.

एक नोंद सुरुवातीपासून शेवटपर्यंत नेऊन बघू.

नोंद नि२-०५: सकाळी साडेआठ, जुने गोव्याचा धक्का. स्कूटरवरचे तिघे फोनवर डाव्या हाताची ओंजळ धरून स्क्रीन बघतात. एकजण डोळे बारीक करतो आणि नाद सोडून फोन खिशात टाकतो.

अर्थ: ऊन थेट स्क्रीनवर येतं, बारीक अक्षर दिसत नाही. एक हात सावलीसाठी गेला की दुसऱ्या हाताचा अंगठाच उरतो.

गरज: दुचाकीवर बसलेल्याला भर उन्हात, एका हाताने, एका नजरेत फेरीची स्थिती कळायला हवी.

रिक्वायरमेंट (त्यांचे क्रमांक "आ"ने सुरू होतात), आणि इथे एकाच गरजेतून तीन निघतात:

आ-०६: स्थितीचा शब्द आणि त्याची पार्श्वभूमी यांच्यातला कॉन्ट्रास्ट किमान ७:१ असावा. (वेबच्या सुलभतेसाठी असलेल्या डब्ल्यूसीएजी निकषांत साध्या मजकुराला ४.५:१ हा मधला टप्पा आहे आणि ७:१ हा वरचा. उन्हासाठी वरचा घ्या.)

आ-०७: पान उघडल्यावर कुठेही न दाबता निवडलेल्या धक्क्याची स्थिती दिसावी. कसोटी: भर उन्हात, धक्क्यावर, ५ पैकी ५ जणांनी ५ सेकंदांच्या आत स्थिती बरोबर सांगावी.

आ-०८: दाबायची प्रत्येक जागा किमान ४८ बाय ४८ डीपी (अँड्रॉइडचं स्क्रीनवरचं माप) असावी, म्हणजे स्क्रीनवर साधारण ९ मिलिमीटर, आणि कुठलीही मुख्य कृती बोट सरकवून करावी लागू नये. (दुसरा अर्धा भाग पावसाच्या निरीक्षणातून आला. ओल्या काचेवर स्पर्श भलतीकडे जातो, थेंबालाही फोन बोट समजतो.)

आ-०७ मधले ५ सेकंद आले कुठून? हा प्रश्न स्वतःला विचारायची सवय लावा. निरीक्षणात माणूस फोनकडे किती वेळ बघून नाद सोडतो ते मोजलं असेल तर आकडा तिथून घ्या. मोजलं नसेल तर लिहा: "तात्पुरता आकडा, चाचणीत ठरवू." अंदाजाचा आकडा पक्क्यासारखा लिहिला की तो आठवडाभरात करार होऊन बसतो.

आता एक न दिसणारी रिक्वायरमेंट. ती मुलाखतीत कोणी मागत नाही, नोंदींच्या मधल्या फटीत सापडते. दोघांनी सांगितलं की व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर "फेरी चालू आहे" वाचून ते गेले, तर फेरी बंद होती. मेसेज दोन तासांपूर्वीचा होता. तिसरी म्हणाली, त्यानंतर तिने ग्रुप बघणंच सोडलं. अर्थ स्पष्ट आहे: खबर नसली तर माणूस कुरकुरतो, पण चुकीची खबर मिळाली की तो परत फिरकत नाही.

आ-११: शेवटची खबर १० मिनिटांपेक्षा जुनी असेल तर "चालू" किंवा "बंद" असं न दाखवता "शेवटची खबर ८.१० वाजताची" असं, खबरीच्या वेळेसकट दाखवावं.

या एका ओळीसाठी अख्खा रिसर्च वसूल झाला म्हणा. ही नसती तर डेव्हलपरने साहजिकच शेवटची स्थिती तशीच दाखवत ठेवली असती, आणि त्यात त्याची काही चूक नसती.

भाषेचीही रिक्वायरमेंट लिहा, नाहीतर ती शेवटच्या आठवड्यात "ट्रान्सलेशन बाकी आहे" म्हणून उगवते. बेटावर कोणी देवनागरी कोकणी वाचतं, कोणी रोमी (रोमन लिपीतली कोकणी), कोणी मराठी, पाहुणा इंग्रजी. चारही लिहीत बसण्याआधी विचारा, शब्दाशिवाय किती भागतं? आ-१४: स्थिती शब्द, आकार आणि रंग अशा तिन्हींनी कळावी, नुसत्या रंगावर काहीही अवलंबून नसावं. लाल-हिरवा न ओळखणारा माणूस आणि उन्हात फिकट झालेला हिरवा, दोन्ही एकाच ओळीत सुटतात.

शीटमध्ये रकाने असे ठेवा: क्रमांक, वाक्य, कुठल्या गरजेसाठी, कुठल्या नोंदींवरून, कसोटी, प्राधान्य, सद्यस्थिती. एका वाक्यात "आणि"ने दोन वेगळ्या अटी जोडल्या असतील तर तोडा. आ-०८ मध्ये खरं तर दोन रिक्वायरमेंट आहेत. कामाच्या शीटवर ती आ-०८अ आणि आ-०८ब अशी जाते, नाहीतर अर्धी पूर्ण झालेली ओळ "झालं" म्हणून टिकमार्क मिळवते.

प्राधान्यासाठी मॉस्को पद्धत चालते. डाय क्लेग यांनी ती १९९४ साली मांडली, रशियाशी तिचा संबंध नाही. नाव आलं ते चार खणांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून: हवंच (Must), हवं (Should), जमलं तर (Could), या खेपेला नाही (Won't). पहिल्या बैठकीत सगळं "हवंच"मध्ये पडतं, हे ठरलेलं. या पद्धतीतच त्यावर उतारा आहे: "हवंच"चं काम एकूण मेहनतीच्या ६० टक्क्यांच्या वर जाऊ द्यायचं नाही. कोण भांडतंय यावर ठरवू नका. प्रत्येक ओळीला विचारा, ही नसेल तर पहिल्या दिवशी सेवा सुरूच करता येणार नाही का? चौथा खण रिकामा ठेवू नका. नकाशावर हलणारी फेरी तिथे लिहून ठेवा, म्हणजे दर पंधरवड्याला तोच प्रश्न नव्याने येणार नाही.

रात्रीच्या छातीत दुखण्याची ती एकटी चिठ्ठी? नेहमी घडणारं आणि गंभीर, हे दोन वेगळे माप आहेत. रांग रोजची, पण नुकसान पंधरा मिनिटांचं. रात्रीची अडचण क्वचित, पण नुकसान भरून न येणारं. म्हणून "रात्रीच्या शेवटच्या फेरीनंतर पानावर आपत्कालीन फोन नंबर सगळ्यात वर दिसावेत" ही ओळ "हवंच"मध्ये जाते, पुरावा एकच असला तरी. कोणता नंबर खरोखर उचलला जातो हे मात्र रात्री फोन लावून तपासा.

गरजा एकमेकींवर आदळतातही. चारचाकीवाल्याला वाटतं प्रत्येक खेपेची नोंद असावी, खलाशाला वाटतं आपल्यावर पाळत ठेवली जातेय. दोघांच्या मधलं काहीतरी काढून सरासरी करू नका, त्याने दोघंही नाराज होतात. आदळतंय ते कागदावर लिहा आणि ठरवणाऱ्यापुढे ठेवा: "स्थिती धक्क्याची दाखवायची, माणसाची नाही, खबर कोणी दिली ते साठवायचं नाही." निर्णय कोणी आणि कधी घेतला ते शेजारी.

६. युज केस

रिक्वायरमेंट सुट्या विटा आहेत. भिंत कशी उभी राहते ते युज केस दाखवतो: एक माणूस एक काम तडीस नेताना पावलागणिक काय करतो, सेवा काय करते आणि वाट कुठे कुठे फुटते. ही कल्पना १९८०च्या दशकात स्वीडनच्या इव्हार याकोबसन यांनी एरिक्सनमध्ये काम करताना पुढे आणली. कॉलेजात युज केसचं चित्र म्हणून लंबगोल आणि काडीची माणसं काढायला शिकवतात. ते चित्र म्हणजे अनुक्रमणिका, युज केस म्हणजे खालचा मजकूर. चित्र काढून थांबू नका.

पातळी ठरवायला अ‍ॅलिस्टर कोबर्न यांची उपमा किनारपट्टीवरच्या वाचकाला लगेच पटेल. समुद्रसपाटीच्या वर ढग आणि पतंग, खाली मासा आणि शिंपला. "बेटाची वाहतूक सुधारणं" हा ढग. "पासवर्ड टाकणं" हा मासा. लिहायचं ते समुद्रसपाटीवरचं: एका माणसाने एका बैठकीत, दोन ते वीस मिनिटांत पूर्ण केलं की तो समाधानाने उठेल असं काम. नवख्यांचे युज केस बहुतेक पाण्याखाली असतात, लॉगिनचे.

पूर्ण लिहिलेला एक नमुना:

यु-०१: घरातून निघायचं की थांबायचं ते ठरवणं
पात्र: रोजचा दुचाकीवाला
आधीची स्थिती: त्याने नेहमीचा धक्का एकदा निवडून ठेवलेला आहे
सुरुवात: निघायची वेळ झाली
मुख्य वाट:
१. प्रवासी सेवा उघडतो.
२. सेवा त्याच्या धक्क्याची स्थिती आणि खबर किती वाजताची आहे ते दाखवते.
३. सेवा दुचाकींची गर्दी "कमी", "बरी", "जास्त" यांपैकी एका शब्दात दाखवते.
४. प्रवासी निघायचं किंवा थांबायचं ठरवतो.
फाटे:
१अ. नेटवर्क नाही: सेवा फोनमध्ये साठलेली शेवटची खबर वेळेसकट दाखवते. (मु६-१२)
२अ. खबर १० मिनिटांपेक्षा जुनी: आ-११ प्रमाणे. (मु३-०९, मु७-०२)
२ब. फेरी बंद: सेवा बेटावरचे बाकीचे चालू धक्के दाखवते, एकही चालू नसेल तर तसं स्पष्ट सांगते. (मु४-२०)
२क. सुकतीमुळे (ओहोटीमुळे) रॅम्प फार उतरता, गाड्या घेत नाहीत: "फक्त पायी" असं दाखवते. (नि३-०८)
३अ. गर्दीची खबर नाही: ती जागा रिकामी ठेवते, अंदाज दाखवत नाही. (पुरावा नाही, तपासा)
कमीत कमी हमी: जुनी खबर कधीही ताजी म्हणून दिसणार नाही.
यश: प्रवाशाने घर सोडण्याआधी निर्णय घेतला.
जोडलेल्या रिक्वायरमेंट: आ-०६, आ-०७, आ-११, आ-१४

मुख्य वाट तीन ते नऊ पावलांची ठेवा. "निळं बटण दाबतो", "ड्रॉपडाउन उघडतो" असं लिहू नका. ते लिहिलं की स्क्रीन ठरून जाते आणि डिझायनरला करायला काही उरत नाही. प्रत्येक पावलात कर्ता दिसला पाहिजे, प्रवासी किंवा सेवा. "स्थिती दाखवली जाते" या वाक्यात कोण दाखवतं ते कळत नाही, आणि नेमकं तेच पाऊल कोणी बांधत नाही.

फाटे मुख्य वाटेपेक्षा लांब झाले तर घाबरू नका, तसेच व्हायला हवेत. मुख्य वाट कोणीही खुर्चीवर बसून लिहील. फाटे रिसर्चमधून येतात. म्हणून प्रत्येक फाट्याला नोंदीचा क्रमांक. ३अ सारखा क्रमांक नसलेला फाटा टीमच्या डोक्यातून आलेला असतो. तो काढू नका, पण पुढच्या भेटीत विचारायच्या यादीत टाका. २क बघा: भरती-सुकतीचा विचार पणजीतल्या ऑफिसात कोणाच्याही मनात आला नसता.

फाटे शोधायला कॅलेंडर समोर ठेवून बसा. तुमचा रिसर्च फेब्रुवारीतल्या साध्या आठवड्यातला असेल. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी दिवाडीला बोंदेराचा उत्सव असतो, ३ डिसेंबरला जुने गोव्यात सेंट झेवियरचं फेस्त, शिवाय चतुर्थी. त्या दिवशी "रोजचा दुचाकीवाला" घरी राहतो आणि धक्क्यावर पाहुणे असतात, ज्यांनी धक्का कधी निवडलेलाच नाही. म्हणजे यु-०१ची आधीची स्थितीच मोडते. पाहुण्यासाठी यु-०२ वेगळा लिहावा लागतो.

मग खलाशाचा युज केस लिहायला घ्या: "फेरी थांबल्याची खबर देणं". तिसऱ्या पावलावर अडकाल. खबर देणार कशी, हात कुठे मोकळे आहेत? इथे नवी रिक्वायरमेंट जन्मते: खबर एका दाबात, स्क्रीन न बघता देता यावी, किंवा ती माणसाकडून न घेता दुसऱ्या मार्गाने मिळावी. युज केस लिहिताना रिक्वायरमेंटची यादी मागे जाऊन बदलते. बदलली नाही तर तुम्ही युज केस यादीवरून नक्कल केला, विचार करून लिहिला नाही.

युजर स्टोरी लिहायच्या की युज केस, असा वाद घालत बसू नका. स्टोरी म्हणजे कोणाला काय आणि कशासाठी हवं याची एका-दोन ओळींची आठवणीची चिठ्ठी, छोट्या तुकड्यांत काम वाटायला बरी. फाटे जास्त असतील तिथे युज केस लिहा आणि त्याचे तुकडे करून स्टोरी बनवा.

७. परत धक्क्यावर

कागद पूर्ण झाला की दोन तपासण्या करा. पहिली शीटमध्येच, फिल्टर लावून. "कुठल्या गरजेसाठी" हा रकाना रिकामा असलेल्या ओळी काढा: या अनाथ रिक्वायरमेंट, कोणाच्या तरी हौशीतून आलेल्या. मग उलट बघा: कुठल्या गरजेला एकही रिक्वायरमेंट नाही? दुसरी यादी जास्त महत्त्वाची, आणि ती नेहमी कमी ताकदीच्या माणसांच्या गरजांनी भरलेली असते. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांची गरज इथेच सापडेल. त्यांच्यासाठी धक्क्यावरचा तो खडूचा फळा खरोखरच रिक्वायरमेंट होऊ शकतो.

दुसरी तपासणी माणसांबरोबर. ज्यांच्या मुलाखती घेतल्या त्यांतल्या तिघांना आणि एका खलाशाला यु-०१ कोकणीत वाचून दाखवा, स्क्रीन न दाखवता. "बरोबर आहे का?" असं विचारू नका, गोव्यातला माणूस सभ्यपणे "व्हय" म्हणेल. विचारा: "काल सकाळी असंच झालं का? कुठे वेगळं झालं?" जिथे तो थांबून "ना, पूण..." म्हणतो तिथे पेन्सिल चालवा.

डेव्हलपर आणि टेस्टर यांच्याबरोबर तासभर बसा. टेस्टरला प्रत्येक फाट्यावरून एक चाचणी लिहिता आली पाहिजे. "याची चाचणी कशी करू?" असं ज्या ओळीवर तो म्हणेल, ती ओळ परत पाचव्या पायरीवर.

एखादी रिक्वायरमेंट रद्द झाली तर ओळ पुसू नका. सद्यस्थितीत "रद्द" लिहा, शेजारी तारीख आणि कारण, आणि तो क्रमांक पुन्हा कशालाही देऊ नका. आ-०९ रद्द झाली तर ती आ-०९ म्हणूनच रद्द राहते. पुढची नवी रिक्वायरमेंट यादीच्या शेवटी.